गाडी सुरू होत नाही? आधी सेल्फ ऐका, मग खिशात हात घाला

“भाऊ, गाडी चालूच नाही होऊन राहिली.” गॅरेजवाल्याला सकाळी सकाळी असा फोन गेला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: “सेल्फ मारते का?” नव्या गाडीवाल्याची इथेच बोलती बंद होते. या एका प्रश्नाचं नीट उत्तर देता आलं, तर अर्धं निदान घराच्या पोर्चमध्येच होतं.

सेल्फ म्हणजे स्टार्टर मोटर. चावी पूर्ण फिरवली की ती बॅटरीच्या जोरावर इंजिनला फिरवते, आणि दोन-चार फेऱ्यांत इंजिन स्वतः पेट घेऊन चालू लागतं. त्यामुळे गाडी सुरू न होण्याचे प्रकार दोनच. एक, सेल्फ फिरतच नाही. इंजिन जागचं हलत नाही. दोन, सेल्फ व्यवस्थित फिरतो, पण इंजिन पकडत नाही. पहिल्यात दोष बहुतेक वेळा विजेच्या वाटेवर असतो: बॅटरी, टर्मिनल (बॅटरीच्या टोकाची जोडणी), अर्थ वायर (मायनसकडून गाडीच्या बॉडीला जाणारी), रिले (छोट्या करंटने मोठा करंट जोडणारा स्विच), सेल्फ मोटर. दुसऱ्यात पेट्रोल, ठिणगी, सेन्सर बघायचे. पहिल्या प्रकारात (ठिणगी देणारे) प्लग बदलून काही होत नाही आणि दुसऱ्यात नवी बॅटरी आणून काही होत नाही. तरी माणसं घाबरून नेमकं हेच करतात, आणि विकणारा काही नको म्हणत नाही.

चावी फिरवण्याआधी

गाडी सपाट जागी असावी, हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रलमध्ये. हातातली अंगठी, कडं, धातूचा पट्टा असलेलं घड्याळ काढून ठेवा. बॅटरीच्या दोन टोकांमध्ये कडं अडकलं तर ते क्षणात लाल होतं. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, त्यामुळे बोनेट उघडून सिगारेट पेटवायची नाही.

सामान फार लागत नाही. एक साधा डिजिटल मल्टिमीटर, दहा नंबरचा पाना, टॉर्च, आणि जाड तारेची जंपर केबल. मल्टिमीटर काही शे रुपयांत मिळतो. तो घ्याच. बॅटरीबद्दल कोण काय म्हणतो यापेक्षा त्याच्या आकड्यावर विश्वास ठेवलेला बरा.

आता बारीक गोष्टी उरकून घेऊ. हसू येईल, पण टोइंग बोलावल्यावर यातलीच एखादी निघाली तर जास्त हसू येतं. ऑटोमॅटिक गाडी ‘पी’ किंवा ‘एन’ मध्ये असल्याशिवाय सेल्फ मारत नाही; ‘पी’ मध्ये नाही झाली तर ‘एन’ मध्ये टाकून बघा, कारण गिअरजवळचा स्विच झिजला की तो ‘पी’ ओळखत नाही. बऱ्याच मॅन्युअल गाड्यांत क्लच पूर्ण दाबावा लागतो, आणि पायाखालची मॅट सरकून पेडलखाली अडकली तरी क्लच पूर्ण जात नाही. बटन स्टार्ट गाडीत ब्रेक दाबलेला हवा. रिमोटचा सेल उतरला असेल तर गाडीला चावी दिसत नाही. अशा वेळी रिमोट थेट स्टार्ट बटनाला टेकवून बटन दाबलं की बऱ्याच गाड्या चालू होतात. बऱ्याच रिमोटमध्ये सीआर२०३२ नावाचा चपटा सेल असतो, मात्र मागचं झाकण उघडून नंबर वाचूनच नवा घ्या.

सीएनजी गाडीवाल्यांसाठी एक खास गोष्ट. कंपनीतून आलेल्या बहुतेक सीएनजी गाड्यांत गॅस भरायच्या झाकणाला छोटा स्विच असतो. झाकण नीट बंद नसेल तर सुरक्षेसाठी गाडी स्टार्टच होत नाही. पंपावरून गॅस भरून निघालात आणि गाडी तिथेच रुसली, तर आधी खाली उतरून ते झाकण दाबा.

सेल्फ फिरतच नाही: आवाज काय म्हणतो

एसी, रेडिओ, पंखा सगळं बंद करा. काच खाली करा. एकाला चावी फिरवायला सांगा आणि दुसऱ्याने बोनेटजवळ कान द्यावा.

टक-टक-टक-टक असा भराभर आवाज आला, तर बॅटरी उतरलेली आहे किंवा टर्मिनल सैल आहे. सेल्फचा सोलेनॉइड, म्हणजे त्याला करंट जोडणारा चुंबकी स्विच, ओढला जातो, तेवढ्यात व्होल्टेज पडतं, तो सुटतो, पुन्हा ओढला जातो, म्हणून ही टकटक. एकच जोरदार ‘टक’ येऊन शांतता पसरली, तर संशय सेल्फ मोटरवर किंवा तिच्याकडे जाणाऱ्या जाड वायरवर. काहीच आवाज नाही पण डॅशबोर्डचे दिवे छान लागलेले, तर चावीचा स्विच, रिले, फ्यूज, क्लच स्विच किंवा इम्मोबिलायझर (खरी चावी ओळखल्याशिवाय गाडी सुरू न होऊ देणारी यंत्रणा). दिवेही नाहीत, हॉर्नही नाही, तर बॅटरी पूर्ण मेलेली, टर्मिनल निघालेलं किंवा मुख्य फ्यूज उडालेला. ‘घर्रर्र’ असा मोकळा आवाज येतो पण इंजिन हलत नाही, तर सेल्फ फिरतोय पण त्याचं दातेरी चाक, ज्याला मेकॅनिक बेंडिक्स म्हणतात, फ्लायव्हीलच्या दात्यांत बसत नाही किंवा आतून घसरतंय.

यानंतर दिव्याची चाचणी, जिला काही सामान लागत नाही. हेडलाइट लावा, समोर भिंत असेल तर उत्तम, आणि सेल्फ मारा. दिवे मालवल्यासारखे मंद झाले तर सेल्फ करंट मागतोय पण बॅटरीला तो देता येत नाही; बॅटरी कमजोर, टर्मिनल खराब किंवा क्वचित सेल्फ मोटर आतून जाम. दिवे जसेच्या तसे प्रखर राहिले तर बॅटरीत जीव आहे आणि करंट सेल्फपर्यंत पोचतच नाही. ही एक चाचणी बरेच पैसे वाचवते.

आता मल्टिमीटर. डीसी २० व्होल्टवर ठेवा, लाल टोक प्लसला, काळं मायनसला. गाडी रात्रभर उभी असेल तर वाचन खरं येतं. नुकतीच चालवून आणली असेल तर दोन मिनिटं हेडलाइट लावून, बंद करून, थोडं थांबून मोजा. १२.६ च्या आसपास म्हणजे पूर्ण भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण. १२.२ म्हणजे अर्धी. १२ च्या खाली गेली की तिच्याकडून सेल्फची अपेक्षा ठेवू नका. या छोट्या फरकांकडे लोक दुर्लक्ष करतात, “बारा तर आहे ना, बारा व्होल्टचीच बॅटरी आहे” म्हणतात. मीटरवर बारा दिसणारी बारा व्होल्टची बॅटरी जवळजवळ रिकामी असते.

पण नुसतं उभ्या गाडीचं वाचन फसवू शकतं. जुनी बॅटरी १२.५ दाखवेल आणि भार पडताच कोसळेल. म्हणून मीटर लावलेला ठेवून दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. त्या क्षणी आकडा ९.६ च्या वर टिकला पाहिजे. आठ-सातवर आपटला तर बॅटरीचा एखादा सेल गेलेला असण्याची शक्यता मोठी. छोट्या पेट्रोल गाडीचा सेल्फ शंभर ते दोनशे अँपिअर ओढतो, डिझेलचा त्याहून बराच जास्त. रेडिओ आणि दिवे चालवण्याएवढी ताकद त्यापुढे काहीच नाही. म्हणूनच “दिवे तर लागतात, मग बॅटरी कशी खराब?” हा युक्तिवाद टिकत नाही.

नवी बॅटरी घ्यायला निघण्याआधी टर्मिनल बघा, हे मी शंभर वेळा सांगायला तयार आहे. टाकी भरलेली असून नळ चोंदला असेल तर बादली भरत नाही, तसंच हे आहे. टर्मिनलवर पांढरी-हिरवट भुकटी साचली असेल किंवा क्लॅम्प हाताने हलत असेल, तर चांगली बॅटरीही सेल्फला पुरेसा करंट देऊ शकत नाही. आधी मायनस काढा, मग प्लस. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून जुन्या टूथब्रशने घासा, झाकणाच्या भोकांतून ते पाणी आत जाऊ देऊ नका. कोरडं पुसा, आतून पॉलिश पेपर फिरवा. लावताना उलटा क्रम: आधी प्लस, शेवटी मायनस. घट्ट करा, वरून थोडं पेट्रोलियम जेली. मायनसची वायर पुढे बॉडीला जिथे आवळलेली असते तो नटही बघा; तिथला गंज कोणाच्या नजरेत येत नाही.

नागपूरकरांनी बॅटरीबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. थंडीत बॅटरी मरते असं सगळे म्हणतात, पण आपल्याकडे तिला मारतो तो उन्हाळा. नवतपात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) पारा ४५ च्या वर, गाडी दुपारभर ऑफिसबाहेर उन्हात, त्यात बोनेटखालची उष्णता वेगळी. या उष्णतेत बॅटरीतलं पाणी उडतं आणि आतल्या प्लेटांची गंजण्याची गती वाढते. ती कशीबशी पावसाळा काढते आणि डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली उतरला की एका सकाळी हात वर करते. दोष मात्र थंडीला जातो. त्यामुळे पाणी घालायची बॅटरी असेल तर मार्चपासून महिन्यातून एकदा झाकणं उघडून बघा. प्लेटा बुडालेल्या असाव्यात, कमी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर. नळाचं नाही, आरओचंही नाही. सीलबंद बॅटरीत हे करता येत नाही, तिथे उन्हाळ्याच्या आधी आणि नंतर एकदा सेल्फ मारताना व्होल्टेज मोजणं एवढाच उपाय. तीन-चार वर्षं झालेली बॅटरी असेल तर मोजण्याचा आळस करू नका.

इथलं शहरातलं चालवणंही बॅटरीला पोषक नाही. धरमपेठेतून सीताबर्डी, एसी फुल, झाशी राणी चौकात सिग्नलवर थांबून थांबून, पोचल्यावर गाडी बंद. सेल्फ मारताना गेलेला चार्ज एवढ्यात पुरता भरून निघत नाही. आठवड्यातून एकदा रिंग रोडवर अर्धा-पाऊण तास सलग फेरी झाली तर फरक पडतो.

जंपर लावताना

दुसऱ्या गाडीची बॅटरी १२ व्होल्टचीच हवी. ट्रकची यंत्रणा साधारणपणे २४ व्होल्टची असते. हायवेवर मदतीला थांबलेल्या ट्रकवाल्याचे आभार माना, पण केबल जोडू नका. दोन्ही गाड्या एकमेकींना टेकलेल्या नकोत, दोन्ही बंद.

क्रम पाठ करा: लाल केबलचं एक टोक उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला. लालचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळ्याचं एक टोक चांगल्या बॅटरीच्या मायनसला. काळ्याचं दुसरं टोक उतरलेल्या गाडीच्या इंजिनच्या रंग नसलेल्या धातूला, बॅटरीपासून लांब. शेवटची जोडणी करताना ठिणगी उडते, आणि ती बॅटरीतल्या वायूजवळ उडू नये म्हणून हा खटाटोप. मग चांगली गाडी चालू करून पाच मिनिटं थांबा, त्यानंतर बंद गाडीचा सेल्फ मारा. झाली की केबल उलट्या क्रमाने काढा.

सेल्फ एका दमात पाच-सात सेकंदांपेक्षा जास्त मारू नये. मधे अर्धा मिनिट तरी विश्रांती द्या. ती मोटर थोड्या वेळासाठीच बनवलेली आहे. सतत मारत राहिलात तर बॅटरीबरोबर तीही जळते.

धक्का मारून चालू करण्याबद्दल: जुन्या मॅन्युअल गाडीला दुसऱ्या गिअरमध्ये धक्का चालतो. ऑटोमॅटिकला नाही. आणि आजच्या गाड्यांत बॅटरी पूर्ण शून्य असेल तर इंजिनचा कॉम्प्युटर आणि फ्यूल पंपच जागे होत नाहीत, मग चार पोरं लावून गल्लीच्या टोकापर्यंत ढकलली तरी उपयोग शून्य.

बॅटरी चांगली, तरी सेल्फ मुका

फ्यूज बॉक्सच्या झाकणाच्या आत नकाशा छापलेला असतो. त्यात सेल्फचा फ्यूज आणि रिले शोधा. शेजारी त्याच नंबरचा दुसरा रिले असेल (हॉर्नचा बऱ्याचदा असतो) तर अदलाबदल करून बघा. सेल्फ फिरला तर रिले गेलेला. साधं काम आहे, पण फ्यूज उडालेला दिसला तर तो का उडाला हे शोधा. त्या जागी जास्त अँपिअरचा फ्यूज किंवा तार घालणाऱ्या माणसाकडे गाडी पुन्हा नेऊ नका.

डॅशबोर्डवर चावीचं किंवा कुलपाचं चिन्ह भराभर लुकलुकत असेल तर इम्मोबिलायझरने चावी ओळखलेली नाही. दुसरी चावी आणून बघा. चावीच्या मुठीत छोटी चिप असते. ती मोडली किंवा नुसतं चावीचं पातं कापून डुप्लिकेट केलं असेल तर दार उघडेल, गाडी सुरू होणार नाही. काही गाड्या अशा वेळी एक-दोन सेकंद चालू होऊन बंद पडतात.

एकच ‘टक’ येणाऱ्या गाडीत सोलेनॉइड हलतो, पण मोटर फिरत नाही: आतले कार्बन ब्रश संपलेले किंवा सोलेनॉइडचे जाड संपर्क जळालेले. जुने मेकॅनिक सेल्फच्या अंगावर हातोडीच्या दांड्याने हलके दोन टोले देतात आणि गाडी चालू होते. ही युक्ती घरी पोचण्यापुरती. ब्रश त्या धक्क्याने तात्पुरते बसलेले असतात, दोन-चार दिवसांत पुन्हा तेच. चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन सेल्फ उघडून ब्रश, बुश बदलून देतो; आर्मेचर (मोटरचा आतला फिरणारा भाग) जळालं नसेल तर पूर्ण नवी मोटर घेण्याचं कारण नाही. आधी दुरुस्तीचा भाव विचारा.

त्याआधी एक मोजमाप करून घेता आलं तर उत्तम. मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लस खांबावर आणि दुसरं सेल्फच्या जाड वायरच्या बोल्टवर ठेवा, आणि सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आकडा आला तर तेवढं व्होल्टेज वायरमध्येच वाया जातंय. तसंच बॅटरीचा मायनस ते इंजिनचं अंग: तिथे ०.२ पेक्षा फार जास्त नको. जास्त असेल तर अर्थ वायर खराब, सेल्फ निर्दोष. बोल्टपर्यंत हात पोचत नसेल किंवा पंख्या-बेल्टजवळून जावं लागत असेल, तर हे इलेक्ट्रिशियनवर सोडा.

आज चालू झाली, उद्या पुन्हा बंद

जंपरने चालू झाल्यावर इंजिन चालू असताना बॅटरीवर मोजा. साधारण १३.८ ते १४.५ यायला हवं. १२.५ वरच अडकलं तर इंजिनवर फिरून बॅटरी भरणारा अल्टरनेटर (काही जण अजून डायनमोच म्हणतात) चार्ज करत नाही. बेल्ट सैल आहे का बघा. १५ च्या बरंच वर जात असेल तर व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर बिघडलाय आणि तो बॅटरी उकळून मारेल. काही नव्या गाड्यांत कॉम्प्युटर चार्जिंग मुद्दाम कमी-जास्त करतो, तिथे एका वाचनावर निकाल देऊ नका.

चार्जिंग ठीक असूनही बॅटरी रातोरात उतरत असेल तर काहीतरी तिला पीत बसलंय. बाहेरून बसवलेला डॅशकॅम, जीपीएस, म्युझिक सिस्टीम, डिकीतला न विझणारा दिवा. सगळं बंद करून, लॉक करून, अर्धा तास थांबून गळती मोजतात. पन्नास मिलिअँपिअरच्या आत असेल तर ठीक. हे मोजताना मीटर बॅटरीच्या वाटेत जोडलेला असतो, त्या अवस्थेत चुकूनही सेल्फ मारायचा नाही. मीटरचा फ्यूज उडेल.

इंजिन सिग्नलवर आपोआप बंद-चालू होणाऱ्या गाड्यांना वेगळ्या जातीची, ईएफबी किंवा एजीएम बॅटरी लागते. स्वस्त म्हणून साधी बसवली तर ती लवकर जाते.

सेल्फ फिरतो, इंजिन पकडत नाही

इथे बॅटरी विसरा, फक्त सेल्फ रडतखडत फिरत नाही ना एवढं बघा. मग इंजिनला हव्या असलेल्या गोष्टी एकेक करून तपासायच्या: इंधन, ठिणगी, आणि ती कधी द्यायची हे सांगणारा सेन्सर.

इंधनापासून सुरुवात. काटा अडकलेला असू शकतो, त्यामुळे काट्यावर भरवसा नको. शंका असेल तर दोन लिटर आणून टाका. चावी ‘ऑन’ करा पण सेल्फ मारू नका, आणि मागच्या सीटजवळ कान द्या. बहुतेक पेट्रोल गाड्यांत दोनेक सेकंद ‘झूंऽ’ असा बारीक आवाज येतो, तो टाकीतल्या फ्यूल पंपाचा. आवाज नाही तर पंपाचा फ्यूज आणि रिले तपासा. फ्यूज-रिले ठीक, तरी आवाज नाही, तर पंप.

पंप मरण्याचं आपल्याकडचं एक नेहमीचं कारण सीएनजी आहे. बऱ्याच सीएनजी गाड्या आधी पेट्रोलवर चालू होतात आणि इंजिन गरम झालं की गॅसवर जातात. मालक गॅस भरत राहतो, पेट्रोलची टाकी कोरडी. पंप टाकीतल्या पेट्रोलमध्ये बुडून थंड राहतो. कोरड्या टाकीत फिरला की जळतो. मग टाकीत गॅस भरपूर असूनही गाडी सुरू होत नाही, आणि मालक सीएनजी किटला शिव्या देतो. पाव टाकी पेट्रोल कायम ठेवा आणि अधूनमधून पेट्रोलवर चालवा, म्हणजे ते जुनंही होत नाही.

पंप चालतोय तर प्लग. प्लग पान्याने एक प्लग काढा (इंजिन थंड असताना). ओला आणि पेट्रोलचा वास येतोय: इंधन पोचतंय, ठिणगी नाही. कोरडा: इंधनच पोचत नाही. कॉइलची (प्लगला ठिणगीचा करंट देणाऱ्या भागाची) वायर हातात धरून करंट बघण्याचा पराक्रम करू नका, तिथे हजारो व्होल्ट असतात. बरेच प्लग ओले निघाले आणि तुम्ही आधी खूप वेळ सेल्फ मारला असेल, तर इंजिन ओव्हरफ्लो झालंय. अॅक्सिलरेटर पूर्ण खाली दाबून धरा आणि पाच सेकंद सेल्फ मारा. बहुतेक इंजेक्शन गाड्यांत असं केल्यावर कॉम्प्युटर पेट्रोल बंद करतो आणि आतलं वाफ होऊन निघून जातं.

आता असा एक बिघाड, जो उन्हाळ्यात नागपुरात फार गोंधळ घालतो. सकाळी गाडी एका सेल्फमध्ये चालू. दुपारी वर्धा रोडवर पंधरा मिनिटं दुकानात गेलात, परत आलात, सेल्फ फिरतो पण पकडत नाही. अर्धा-पाऊण तास सावलीत उभी केली की पुन्हा चालू, जणू काही झालंच नव्हतं. बॅटरीवाला म्हणेल बॅटरी, पंपवाला म्हणेल पंप. बघायचा तो क्रँक सेन्सर, म्हणजे इंजिनचा दांडा किती वेगाने आणि कुठे फिरतोय हे कॉम्प्युटरला सांगणारा. इंजिन बंद केल्यावर बोनेटखालचं तापमान काही वेळ वाढतच जातं, त्यात म्हाताऱ्या सेन्सरचा सिग्नल तुटतो. सेल्फ मारताना आरपीएमचा काटा बघा: जागचा हललाच नाही तर संशय पक्का. टाकीतला फ्यूल पंपही गरमीत असाच वागू शकतो, म्हणून तेव्हा त्याचा आवाजही ऐका.

डिझेलची तऱ्हा वेगळी, तिथे प्लगची ठिणगी नसते. थंड सकाळी गुंडाळलेल्या तारेचं पिवळं चिन्ह विझेपर्यंत थांबूनच सेल्फ मारा. हीटर प्लग (सिलिंडर आधी तापवणारे) गेले असतील तर डिसेंबरात त्रास देतात. टाकी पूर्ण रिकामी झाली होती किंवा फिल्टर बदलला, तर लाइनने हवा घेतलेली असते. फिल्टरजवळ हातपंप असेल तर तो कडक होईपर्यंत दाबा. आधुनिक डिझेलच्या इंजेक्टरचे पाइप मात्र सैल करू नका. इंजिन चालू असताना त्यात हजार बारच्या वर दाब असतो, आणि त्या धारेने कातडी भेदली जाते.

सेल्फ नेहमीपेक्षा हलका, एकसारखा, सुर्रकन फिरत असेल तर लगेच थांबा. टायमिंग बेल्ट तुटल्याचं ते लक्षण असू शकतं, आणि आणखी सेल्फ मारल्याने व्हॉल्व्ह वाकू शकतात.

आणि उंदीर. पावसाळ्यात गाडी चार दिवस उभी राहिली की बोनेटखाली उबदार घर तयार. टॉर्च मारून कुरतडलेल्या वायरी, लेंड्या शोधा. लोक बोनेटमध्ये तंबाखू ठेवतात. माझा त्यावर भरवसा नाही, बारीक लोखंडी जाळी बरी.

पाण्यातून काढलेली गाडी

यात उलटा नियम: सुरू होते का बघायला सेल्फ मारू नका. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी ओव्हरफ्लो होऊन नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, कित्येक गाड्या पार्किंगमध्ये बुडाल्या. नरेंद्रनगरच्या पुलाखाली तर जोरदार पाऊस झाला की पाणी साचतंच. हवेच्या वाटेने पाणी सिलिंडरमध्ये गेलं असेल तर सेल्फ मारल्यावर पिस्टन त्याला दाबू पाहतो. पाणी दाबलं जात नाही, मग वाकतो तो कनेक्टिंग रॉड. ज्या गाडीचं काम सफाई आणि ऑइल बदलण्यात भागलं असतं, तिचं इंजिन उघडावं लागतं. शिवाय पाण्यात सेल्फ मारून झालेलं इंजिनचं नुकसान साध्या विमा पॉलिसीत सहसा बसत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्टचं वेगळं कव्हर लागतं.

बॅटरीचा मायनस काढा, फोटो काढून ठेवा, एअर फिल्टर ओला आहे का बघा, ऑइलची पट्टी काढून ऑइल दुधी झालंय का बघा. मग गाडी चारही चाकं वर घेणाऱ्या टोइंगवर चढवा.

मेकॅनिकला फोन करताना

इतकं करूनही चालू झाली नाही तर फोन करा, पण माहिती घेऊन करा. २०१३ नंतरच्या बहुतेक गाड्यांत स्टीअरिंगखाली ओबीडीचं (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचायचं) सॉकेट असतं. स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर मोबाइलला जोडून कोड वाचता येतो. पी०३३५ आला तर क्रँक सेन्सरची लाइन, पी०३४० कॅम सेन्सरची, पी०२३० फ्यूल पंपाची. कोड म्हणजे तो पार्ट खराबच असं नाही, त्या वाटेवर काहीतरी आहे एवढंच. वायर तुटली तरी तोच कोड येतो. कोड पुसू नका, मेकॅनिकला दाखवा.

मग फोनवर एवढं सांगा: “भाऊ, सेल्फ मारल्यावर एकच टक येते, फिरत नाही. बॅटरी १२.५ आहे, सेल्फ मारताना ११.९ वर राहते, दिवे मंद नाही होत. टर्मिनल साफ करून पाह्यलं, रिले बदलून पाह्यलं.” हे ऐकून तो बॅटरी न आणता सेल्फ खोलायचे पाने घेऊन येईल. राष्ट्रीय महामार्गावर अडकला असाल तर १०३३ या महामार्ग हेल्पलाइनवर फोन लावा, इंडिकेटर चारही चालू ठेवा आणि गाडीत बसून न राहता रस्त्यापासून दूर, जमल्यास सावलीत थांबा.